स्पॅनिश भाषेंतील ‘आहे’

‘कैलास हें देऊळ आहे’ आणि ‘कैलास वेरूळला आहे’ या दोन्ही वाक्यांस मराठींत एकच ‘आहे’ पुरतें. स्पॅनिश भाषेंत पहिल्यास ‘एस’ व दुसऱ्यास ‘एस्ता’ लागतें. कायमच्या गोष्टीस ‘एस’ आणि तात्पुरत्या गोष्टीस ‘एस्ता’ असा सोपा नियम पुष्कळदां सांगितला जातो. परंतु स्थानाच्या बाबतींत तो फसवा ठरतो. एका खडकांतून कोरलेलें कैलास बाराशेंहून अधिक वर्षें जागचें हललेलें नाहीं; तरीही छत्रपती संभाजीनगरच्या मार्गदर्शकानें स्पॅनिश प्रवाशास ‘कैलासा एस्ता एन एलोरा’ असेंच सांगितलें पाहिजे. येथें ‘एन’ आपल्या सप्तमीचें काम करतें, मात्र तें नामाच्या आधीं येतें.

याचें मर्म व्युत्पत्तींत आहे. ‘एस’ हें संस्कृत ‘अस्ति’चें भावंड, ‘एस्ता’ हें लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे ‘उभें राहणें’ यापासून आलें, आणि त्याचें नातें आपल्या ‘स्था’ धातूशीं आहे. म्हणून जेथें स्थान, तेथें ‘एस्ता’ ही खूण ध्यानांत ठेवावी. ठळक अपवाद समारंभाचा. ‘मैफल वेरूळला आहे’ हें ‘एल कोन्सिएर्तो एस एन एलोरा’ असें होतें. कारण मैफल तेथें उभी नसते, घडत असते.