वळसा लांबचा, वेळ कमी

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी हे बोइंग ७७७ पश्चिमेला निघून अटलांटिक ओलांडायचं; अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट पूर्वेकडून, पॅसिफिकवरून. अंतर १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही प्रवास जवळपास दोन तासांनी घटला आणि साडेचौदा तासांवर आला.

भागाकार करून पाहा. वेग येतो ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. भोवतालच्या हवेतून हे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच उडतं. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले.

खरं तर सर्वांत जवळची वाट या दोन्हींहून वेगळी. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो पार उत्तरेला, आर्क्टिकवरून जातो आणि भरतो जेमतेम १२,४०० किलोमीटर. पण तिकडे अडीअडचणीला उतरायला विमानतळ मोजकेच, आणि हवा इतकी थंड की टाकीतलं इंधन थिजू नये म्हणून त्याच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणं लवकर व्हायला हवं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो जेट प्रवाह. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. उंचावर ही उष्ण हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर तिचा अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. हिवाळ्यात तो सर्वांत जोरात वाहतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाने वाचावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्परांतो या जगभरच्या संवादासाठी घडवलेल्या भाषेत छापले, आणि नेमकं तिथेच ते दुर्लक्षित राहिले. विज्ञानाच्या इतिहासातली ही मला फार चुटपुट लावणारी गोष्ट. १९४४च्या अखेरीस जपानवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्यांनी इतकं रेटलं की बॉम्बचे नेम चुकू लागले. तेव्हा कुठे त्यांची दखल घेतली गेली.

आता विमान कंपन्या रोजचा वारा पाहून रोजची वाट आखतात. फेब्रुवारी २०२०च्या वादळात ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

मुलांकडे अमेरिकेला निघाला असाल, तर समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ पाहा. त्यातून ९०० वजा करा. उरेल तो तुमच्या पाठीशी असलेला वारा. आकडा उणे आला, तर समजा की वारा समोरून येतोय आणि उतरायला उशीर आहे.