सूक्ष्मदर्शकवाल्यांनी एकत्र का बसावं?

शाळेत कांद्याचा पापुद्रा पाहायचा असो की पॅथॉलॉजीत गाठीचा तुकडा, काचेची स्लाइड सुमारे तीन इंच लांब आणि एक इंच रुंदच असते. हे माप कुठल्या कारखानदाराने ठरवलेलं नाही. 3 सप्टेंबर 1839 रोजी लंडनमध्ये एडविन क्वेकेट यांच्या घरी 17 जण जमले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांची एक संस्था काढली. पुढच्याच वर्षी तिने स्लाइडचं माप पक्कं केलं. 1858 मध्ये वस्तुभिंगाच्या आट्यांचं मापही ठरवलं, आणि एका कारागिराचं भिंग दुसऱ्याच्या यंत्रावर बसू लागलं. हीच आजची रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटी. यंत्र विकणाऱ्याला जे सुचत नाही, किंवा सुचलं तरी परवडत नाही, ते वापरणारे एकत्र आले की होतं. आजच्या कोट्यवधींच्या सूक्ष्मदर्शकांना तर अशा गटांची गरज अधिकच आहे. मात्र हे गट देखण्या चित्रांचं प्रदर्शन भरवण्यापेक्षा शंकास्पद चित्रांची झडती घेण्यासाठी चालवले पाहिजेत.

गरज अधिक, याचं कारण चित्र तयार होण्याच्या रीतीतच आहे. 200 नॅनोमीटरच्या आसपासचे बारकावे साध्या प्रकाशाने वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये मांडली होती. ती ओलांडणाऱ्या तंत्रांना 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतल्या एका तंत्रात चमकणारे रेणू थोडे थोडे करून पेटवतात, हजारो फोटो काढतात आणि प्रत्येक ठिपक्याचा मध्य संगणक शोधतो. म्हणजे पडद्यावर दिसतं ते बरंचसं हिशेबातून आलेलं असतं, आणि हिशेब चुकला तरी चित्र छानच दिसतं. गोठवलेल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात धोका आणखी मोठा. तिथले फोटो इतके पुसट असतात की हजारो-लाखो फोटोंची सरासरी काढावी लागते. 2013 मध्ये एचआयव्हीच्या एका प्रथिनाच्या प्रसिद्ध झालेल्या रचनेवर वाद पेटला, तेव्हा रिचर्ड हेंडरसन यांनी एक जुना सापळा पुन्हा दाखवला. नुसत्या खरखरीची 1000 चित्रं घ्या, प्रत्येक चित्र आइन्स्टाइनच्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल असं सरकवा आणि सरासरी काढा: आइन्स्टाइन हजर! मुळात तिथे काहीच नसताना. हेंडरसन यांना 2017 मध्ये याच तंत्रासाठी नोबेल मिळालं, म्हणजे इशारा देणारा घरचाच माणूस होता.

असे सापळे एकेका प्रयोगशाळेला एकट्याने सापडणं कठीण, कारण ताडून पाहायला दुसरं काही हाताशी नसतं. 2013 मध्ये रेणू-ठिपक्यांचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरची खुली स्पर्धा झाली. खरं उत्तर आयोजकांना ठाऊक असलेली कृत्रिम चित्रं सगळ्यांना दिली गेली. कोणाचा हिशेब कुठे घसरतो ते त्यामुळे उघड झालं. 2020 मध्ये सुरू झालेला क्वारेप-लिमी हा आंतरराष्ट्रीय गट तर अगदी साध्या प्रश्नांपासून सुरुवात करतो. लेसरने चित्र घेणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर लेसर ‘5 टक्के’ ठेवला, पण कशाचे 5 टक्के? लेसर जुना झाला की त्याच आकड्याला कमी प्रकाश पडतो, आणि यंत्र तापायच्या आधी मोजलं तर आकडा वेगळाच येतो. मग मागच्या वर्षीच्या आणि आजच्या चित्रांतल्या उजेडाची तुलना कशी करायची? प्रकाश मीटरने मोजायचा आणि नोंद ठेवायची, इतकंच याचं उत्तर आहे.

यावर कोणी म्हणेल की कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आहे की. आहे, आणि तो हवाच. क्वारेपमध्येही उत्पादक सामील आहेत. पण शेजारच्या संस्थेतल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी आपलं यंत्र ताडून पाहणं हे त्याचं काम नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्पर्धेच्या जगात आपली फसगत चारचौघांत कोण मांडणार? म्हणूनच गटाने सुरुवातीला कोणाच्या संशोधनाला हातच लावू नये. 100 नॅनोमीटरच्या चमकत्या मण्यांची एकच स्लाइड सगळ्यांनी आपापल्या यंत्रावर पाहावी. मणी आबेंच्या मर्यादेपेक्षा लहान, त्यामुळे दिसतो तो यंत्राचा स्वतःचा धूसरपणा. समोरून तो गोल दिसायला हवा; एका बाजूला धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर भिंगाची मांडणी कुठेतरी हललेली आहे. कधी दोष त्याहून साधा निघतो: भिंग 0.17 मिलिमीटरच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेलं असतं आणि कोणीतरी त्याहून पातळ कव्हरस्लिपांचा स्वस्तातला डबा मागवलेला असतो. यात कोणाचं गुपित फुटत नाही. थोडी लाज वाटेल, तर पहिली एक-दोन वर्षं निकाल नावांशिवाय मांडावेत.

आपल्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे. पुण्यात आयसर, एनसीसीएस, एनसीएल या संशोधन संस्था. मुंबईत टीआयएफआर, आयआयटी. मण्यांची डबी डेक्कन क्वीनने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकते (उजेडापासून जपून, नाहीतर मणी फिके पडतात). अडचण आहे ती चालवणार कोण याची. माझ्या मते प्राध्यापकांनी नव्हे, रोज यंत्रावर बसणाऱ्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी गट चालवावा. यंत्राच्या खोड्या त्यांनाच माहीत असतात. पण बढतीच्या अर्जात शोधनिबंधांना रकाना असतो, दुसऱ्या संस्थेचं यंत्र तपासण्यात घालवलेल्या दिवसाला नसतो. संस्थांनी महिन्यातला एक दिवस या कामासाठी कर्तव्यावरचा धरला, तर पहिल्या बैठकीला लागणारं बाकीचं सामान फार महाग नाही: एक मीटर, एक स्लाइड आणि आकडे लिहायला एक वही.