गंजक्या लोखंडाची करामत

मुलांनो, आज एक कोडं घालते. हापशाचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं. नितळ, थंडगार! वास नाही की वेगळी चव नाही. शिवाय ते गाळून घेतलं, उकळलं. आता प्यायचं का?

"हो बाई!" असंच म्हणणार ना तुम्ही? पण थांबा. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधल्या लाखो घरांत असंच नितळ पाणी होतं आणि त्यात आर्सेनिक होतं! आर्सेनिक म्हणजे जुन्या गोष्टींतला सोमल, जहाल विष. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

हे विष पाण्यात टाकलं कुणी? कुणीच नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा हिमालयातून गाळ आणतात. गाळाच्या कणांवर गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. जमिनीखाली जिथे हवा पोचत नाही, तिथे सूक्ष्म जीव हा गंज विरघळवतात. मग आर्सेनिक सुटतं आणि पाण्यात उतरतं.

पूर्वी तिथले लोक तळ्याचं पाणी पीत. पटकी, हगवण होऊन कितीतरी मुलं दगावत. म्हणून १९७० च्या दशकात सरकारने आणि युनिसेफने गावोगाव हापसे बसवले. हेतू चांगला होता, पण पाण्यात आर्सेनिक आहे का, हे तेव्हा कुणी तपासलं नाही. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले रोगी येऊ लागले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात खडबडीत. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोगही होतो. १९९३ मध्ये बांगलादेशातल्या पाण्यातही आर्सेनिक सापडलं. पुढे तिथे सुमारे ५० लाख हापसे तपासले. चांगल्या हापशाला हिरवा रंग दिला, विषारी हापशाला लाल. लाल निघाले जवळजवळ १४ लाख!

पण दारात लाल हापसा आणि हिरवा मैलभर दूर, अशा घरातल्या आईने काय करायचं?

इथे आलं आपलं गंजकं लोखंड! ज्या गंजाने आर्सेनिक सोडलं, तोच गंज त्याला पुन्हा पकडूनही ठेवतो, बरं का! बंगालीत कळशीला 'कोलशी' म्हणतात. तीन कोलश्या एकावर एक ठेवायच्या. वरच्या दोन्हींच्या बुडाला बारीक भोक. पहिलीत जाड वाळू आणि लोखंडाचा कीस, दुसरीत बारीक वाळू आणि लाकडी कोळसा. तिसरीत थेंबथेंब पाणी जमतं. आर्सेनिक वरच गंजाला चिकटतं.

पण एक अडचण आली. काही महिन्यांत कीस गंजून दगडासारखा घट्ट होई आणि पाणी अडे. बांगलादेशातल्या कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी सच्छिद्र लोखंडी थर वापरून 'सोनो' नावाचा फिल्टर केला. त्याला वीज लागत नाही. २००७ मध्ये त्यांना १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यातला मोठा वाटा त्यांनी गरजूंना फिल्टर देण्यासाठीच ठेवला!

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून फक्त एक ग्रॅम! हे डोळ्यांना कसं दिसणार? म्हणून असा फिल्टर बसवण्याआधी पाणी तपासावं लागतं आणि नंतरही अधूनमधून तपासावं लागतं. जुना कीसही कुठेही फेकून चालत नाही.

आपल्या यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तेही दिसत नाही आणि उकळून जात नाही.

तेव्हा मुलांनो, आज घरी एक प्रश्न विचारा : "आपल्या विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं?" उत्तर आलं नाही, तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला आई-बाबांना सांगा. आणि हो, तुम्हीही त्यांच्याबरोबर जा!