वापरलेल्या आलिशान स्पोर्ट्स कारची खरेदी

वापरलेल्या आलिशान स्पोर्ट्स कारची खरेदी म्हणजे पूर्वी एका किंवा अधिक मालकांच्या नावावर नोंदलेली, महागडी व उच्च क्षमतेची मोटार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याकडून विकत घेण्याचा व्यवहार होय. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी व जॅग्वार या कंपन्यांच्या मोटारी तसेच मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू व ऑडी यांच्या वेगवान श्रेणीतील मोटारी या प्रकारात मोडतात. अशा मोटारीची बाजारातील किंमत काही वर्षांत मोठ्या प्रमाणात उतरते. तिच्या सुट्या भागांची व दुरुस्तीची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. शिवाय आधीच्या मालकाचे कर्ज, थकीत कर, दंड, अपघात आणि विम्याचे दावे यांचा इतिहास मोटारीबरोबर नव्या मालकाकडे येतो. हे दोन्ही बोजे दालनात उभ्या असलेल्या चकचकीत मोटारीकडे पाहून दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा पैसे दिल्यानंतरच उघड होतात. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः वसई-विरार परिसरातील परिस्थितीच्या संदर्भाने या व्यवहारातील धोक्यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

वसई हा पालघर जिल्ह्यातील तालुका आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. वसई येथील परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-४८ असा आहे. त्यापूर्वी या भागातील वाहनांची नोंदणी ठाण्याच्या एमएच-०४ या संकेताखाली होत असे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तालुक्यातून जातो. त्यामुळे येथील ग्राहकाला एका बाजूला मुंबई व ठाण्याची, तर दुसऱ्या बाजूला गुजरात व दमणची जुन्या वाहनांची बाजारपेठ जवळ पडते. परिणामी खरेदी केली जाणारी मोटार अनेकदा दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत, प्रसंगी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असते. असा व्यवहार करताना कागदपत्रांची गुंतागुंत वाढते.

विक्रेत्यांचे प्रकार

जुन्या आलिशान मोटारींचे विक्रेते ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार उत्पादक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांचा आहे. हे विक्रेते कंपनीने ठरवलेल्या निकषांनुसार तपासलेल्या मोटारी मर्यादित मुदतीच्या हमीसह विकतात. दुसरा प्रकार स्वतः मोटार विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या स्वतंत्र विक्रेत्यांचा आहे. तिसऱ्या प्रकारात विक्रेता मोटार विकत घेत नाही. मालकाची मोटार तो आपल्या दालनात उभी करतो आणि विक्री झाल्यावर दलाली घेतो. बाजारात या पद्धतीला 'पार्क अँड सेल' असे म्हणतात. यात ग्राहकाचा व्यवहार दालनाशी होत असल्यासारखा दिसतो, परंतु कागदोपत्री विक्रेता हा मूळ मालकच असतो. पुढे दोष आढळल्यास दालन मालकाकडे बोट दाखवते, आणि मालकाशी ग्राहकाची कधी गाठही पडलेली नसते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्र आवश्यक केले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार प्राधिकारपत्राची मुदत ५ वर्षे असते. मालकाने वाहन विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर देणे आवश्यक असते. त्यानंतर अधिकृत विक्रेता हा त्या वाहनाचा मानीव मालक समजला जातो आणि मालकी हस्तांतरण, ना-हरकत प्रमाणपत्र इत्यादींसाठी तो अर्ज करू शकतो. ज्या विक्रेत्याकडे असे प्राधिकारपत्र नाही किंवा ज्या मोटारीबाबत ही सूचना दिली गेलेली नाही, तेथे मधल्या काळातील जबाबदारी संदिग्ध राहते.

किंमत आणि देखभाल खर्च

स्पोर्ट्स कारचे अनेक भाग सामान्य मोटारीत नसतात. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन, कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणि टर्बोचार्जर ही त्याची उदाहरणे होत. हे भाग बहुधा आयात करावे लागतात. १ कोटी रुपये मूळ किमतीची मोटार ४० लाख रुपयांना मिळाली, तरी तिचे ब्रेक १ कोटीच्या मोटारीचेच असतात. त्यामुळे खरेदी किंमत हाच एकूण खर्च समजणे ही या व्यवहारातील मूलभूत चूक ठरते.

कमी चाललेली मोटार नेहमीच चांगली असते, असे नाही. दीर्घकाळ उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी निकामी होते, रबरी सील सुकतात आणि टायर कडक होतात. टायरच्या बाजूवर त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत छापलेले असते. '२३१९' असा आकडा असल्यास तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ होतो. मोटार केवळ ८,००० किलोमीटर चालल्याचे सांगितले जात असताना टायर नंतरच्या वर्षातील असतील, तर ते का बदलावे लागले, याची विचारणा करणे योग्य ठरते. जमिनीपासून कमी उंची असलेल्या मोटारींचा तळभाग खड्डे व गतिरोधकांमुळे घासला जातो. त्यामुळे मोटार लिफ्टवर चढवून खालून पाहणे आवश्यक असते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागात खारट हवेमुळे तळाचे पत्रे, नटबोल्ट व ब्रेकच्या नळ्या गंजण्याची शक्यताही अधिक असते.

ओडोमीटर आणि अपघातांचा इतिहास

मोटारीने कापलेले अंतर दाखवणाऱ्या ओडोमीटरमधील आकडा कमी करणे ही जुन्या बाजारातील सर्वांत परिचित फसवणूक आहे. डिजिटल ओडोमीटरमुळे ती थांबलेली नाही. आधुनिक मोटारीत अंतराची नोंद एकाहून अधिक नियंत्रण यंत्रणांत असू शकते. अधिकृत सेवा केंद्रातील निदान यंत्राने या नोंदी वाचता येतात आणि त्यांतील तफावत पकडता येते. पोर्शेच्या अनेक मोटारींत इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा ओलांडली गेल्याची नोंदही नियंत्रण यंत्रणेत राहते. त्यावरून मोटार कशी चालवली गेली, याचा अंदाज बांधता येतो. सर्व्हिसच्या बिलांवरील तारखा व किलोमीटर, विम्याचे दावे आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रे यांची एकमेकांशी पडताळणी केल्यासही विसंगती लक्षात येते.

अपघातानंतरचे रंगकाम उघड्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. रंगाच्या थराची जाडी मोजणारे उपकरण ती मायक्रॉनमध्ये दाखवते. एका पत्र्यावरील जाडी शेजारच्या पत्र्यांच्या कितीतरी पट आढळल्यास त्याखाली भराव किंवा दुसऱ्यांदा केलेले रंगकाम असू शकते. अॅल्युमिनियम किंवा कार्बन फायबरच्या सांगाड्याची दुरुस्ती सामान्य गॅरेजमध्ये नीट होत नाही. त्यामुळे अशा मोटारींत सांगाड्याची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.

पुरात भिजलेली वाहने

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय होऊन नालासोपारा येथे लोहमार्ग पाण्याखाली गेला होता. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेली वाहने विमा कंपन्यांकडून लिलावात निघतात. पूर्ण नुकसान झाल्याचे ठरवलेली मोटार स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणली जाण्याचा धोका असतो. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी, पुरात खराब झालेल्या व भंगार म्हणून विकलेल्या मोटारींचे चासी क्रमांक बदलून त्या विकल्याचे प्रकरण उघडकीस आणले होते.

आलिशान मोटारीत पाण्याचे नुकसान विशेष गंभीर असते, कारण तिच्या नियंत्रण यंत्रणा व वायरिंग अनेकदा आसनांखाली किंवा गालिच्याखाली असते. भिजल्यानंतर मोटार काही महिने व्यवस्थित चालते. जोडणीच्या टोकांवर गंज चढू लागल्यावर एकेक यंत्रणा बंद पडू लागते. गालिच्याखालील गाळ, आसनांच्या रुळांवरील गंज, पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टवरील पाण्याची रेघ आणि दिव्यांच्या आतील बाष्प ही पाण्यात राहिलेल्या मोटारीची लक्षणे मानली जातात.

मालकी, चासी क्रमांक आणि कर्जाचा बोजा

वस्तू विक्री कायदा, १९३० नुसार, काही अपवाद वगळता, विक्रेत्याकडे जो हक्क नाही तो हक्क खरेदीदाराला मिळत नाही. चोरीची मोटार प्रामाणिकपणे व पूर्ण किंमत देऊन घेतली, तरी ती मूळ मालकाला परत करावी लागू शकते. म्हणूनच १७ अंकाक्षरांचा चासी क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर, नोंदणी प्रमाणपत्रावर आणि 'वाहन' या शासकीय नोंदीत एकसारखा असल्याची खात्री करणे ही तपासणीची पहिली पायरी मानली जाते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी 'डीसी अवंती' या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारसंबंधी गुन्हा दाखल केला. एकाच चासी क्रमांकाची मोटार एकाहून अधिक राज्यांत नोंदली गेली आणि अशा मोटारींवर कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता.

कर्जावर घेतलेल्या मोटारीच्या नोंदणीत वित्तसंस्थेचा बोजा नमूद असतो. कर्ज फिटल्यानंतर वित्तसंस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ सादर केल्यावरच तो उतरतो. 'हप्ते संपले आहेत, कागद नंतर देऊ' या आश्वासनावर पैसे दिल्यास मोटार ग्राहकाच्या ताब्यात असूनही त्याच्या नावावर होऊ शकत नाही.

परराज्यातील नोंदणी आणि कर

महाराष्ट्रात खासगी मोटारीवर एकरकमी कर आकारला जातो. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरील मोटारीसाठी त्याचा दर २० टक्के आहे. या कराची २० लाख रुपयांची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये करण्यात आली. तुलनेने कमी कर असलेल्या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत नोंदलेल्या मोटारी त्यामुळे स्वस्त भासतात. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हा खर्च धरल्यास किमतीतील फायदा अनेकदा नाहीसा होतो.

आयात मोटारींबाबत सीमाशुल्क भरल्याचा पुरावाही महत्त्वाचा ठरतो. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने परदेशी मुत्सद्द्यांच्या नावे शुल्कमाफी घेऊन आलिशान मोटारी आणल्याचे प्रकरण उघड केले होते. शुल्क चुकवून आणलेली मोटार नंतरच्या खरेदीदाराकडूनही जप्त होऊ शकते.

मालकी हस्तांतरण आणि विमा

राज्यांतर्गत विक्रीनंतर विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतरणाची माहिती देणे कायद्याने आवश्यक आहे. यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. केवळ सह्या केलेले कोरे नमुने हाती घेऊन मोटार वापरत राहणे दोन्ही पक्षांसाठी धोक्याचे असते. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला, की मोटार प्रत्यक्षात विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मालक समजला जाईल.

विम्याबाबतही असाच गैरसमज आढळतो. कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी विमापत्र आपल्या नावे करून घ्यावे लागते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत व्यक्तीला लागू असते, मोटारीला नव्हे. त्यामुळे जुन्या मालकाच्या सवलतीची रक्कमही खरेदीदाराला भरावी लागते. हस्तांतरण रखडले असताना मोटार भिंतीवर आदळली, तर लाखो रुपयांची दुरुस्ती खरेदीदाराच्या खिशातून होऊ शकते.

देयक आणि करार

नोंदणीकृत विक्रेता जुन्या मोटारीवर सामान्यतः खरेदी व विक्री किमतीतील फरकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतो. संपूर्ण किमतीवर कर लावलेला आढळल्यास त्याचे स्पष्टीकरण मागता येते. एकाच व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यानुसार मनाई आहे. किमतीचा काही भाग रोख देऊन कमी रकमेची पावती घेतल्यास, पुढे वाद झाला तर ग्राहकाला पावतीवरील रक्कमच सिद्ध करता येते. अपघात व पूर यांबाबतचे विक्रेत्याचे निवेदन, ओडोमीटरचा आकडा, हमीची व्याप्ती आणि हस्तांतरण पूर्ण करण्याची मुदत या बाबी करारात लेखी असणे हिताचे असते. 'आहे त्या स्थितीत विक्री' असे वाक्य करारात असल्यास नंतर तक्रार करणे कठीण होते. मात्र जाणूनबुजून दडवलेला दोष अशा वाक्याने माफ होतोच असे नाही.

तक्रार निवारण

सदोष मोटार किंवा खोटी माहिती याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, ५० लाख ते २ कोटी रुपयांपर्यंत असल्यास राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे दाखल केली जाते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे मुंबई किंवा सुरतमधील विक्रेत्याविरुद्ध वसईतील ग्राहकाला आपल्या जिल्ह्यात दाद मागणे शक्य होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चासी क्रमांकातील फेरफार, बनावट कागदपत्रे किंवा चोरीचा संशय असल्यास पोलिसांकडे स्वतंत्रपणे गुन्हा नोंदवता येतो.