सुपारी : परंपरा, उत्तेजकता आणि आरोग्य

प्रस्तावना :
देवपूजेत गणपतीचे प्रतीक, विवाह ठरविताना संमतीची खूण आणि भोजनोत्तर मुखशुद्धी अशा विविध रूपांत सुपारीला महाराष्ट्रात व गोव्यात मानाचे स्थान आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर विशेष प्रसिद्ध आहे. या मांगल्यामुळेच ‘तंबाखू घातक, सुपारी निरुपद्रवी’ असा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्याची शास्त्रीय तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उत्तेजक गुणधर्म :
सुपारी हे ‘अरेका कॅटेचू’ या ताडकुलातील वृक्षाचे बी होय. त्यातील अरेकोलीन हे अल्कलॉइड मज्जासंस्थेवर क्रिया करते. त्यामुळे तरतरी येते, लाळ सुटते, अंगात उष्णता जाणवते व घाम येतो. नित्य सेवनाने त्याचे व्यसन जडू शकते.

मुखावरील परिणाम :
सुपारीतील अल्कलॉइडे कोलॅजेन तंतूंची निर्मिती वाढवितात, तर टॅनिने त्यांचे विघटन रोखतात. परिणामी गालाचे आतील अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडणे क्रमाक्रमाने कमी होते. ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार कर्करोगपूर्व मानला जातो. सेवन थांबविल्यास कर्करोगाचा धोका कमी होतो. गेलेली लवचिकता मात्र सहसा पूर्णपणे परत येत नाही.

तंबाखूविरहित सुपारी :
जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला. तंबाखूविरहित विड्याबाबत पुरावा तेव्हा अपुरा होता. तैवानमध्ये विड्यात सहसा तंबाखू घालत नाहीत. तरीही तेथील सेवनकर्त्यांत मुखकर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. अशा पुराव्यांच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तंबाखूविरहित विडा आणि स्वतः सुपारी यांनाही मानवात कर्करोगकारक असलेल्या पहिल्या गटात स्थान देण्यात आले.

समारोप :
२००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. साधी सुपारी मात्र या तरतुदींच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच महाविद्यालयांतील तंबाखूमुक्तीच्या उपक्रमांत सुपारीचा स्वतंत्र व स्पष्ट उल्लेख होणे आवश्यक आहे. पूजेच्या तबकातील तिचा मान अबाधित राहो. ‘मुखशुद्धी’ हे नाव मात्र तिला शोभत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्याचे दायित्व अध्यापकांवर येते.