खसखस, भांग आणि खोकल्याचं औषध

अनारशाला खसखस लावायची की नाही, हा प्रश्न पुण्यात कुणाला पडत नाही. इथे इंटरनॅशनल सिटीत पडतो. वस्तीच्या भागांना चायना, इंग्लंड, फ्रान्स अशी नावं असली, तरी कायदा सगळीकडे अमिरातीचाच, आणि त्यात खसखशीला बंदी आहे.

नशा म्हटलं की आपल्याला आधी गांजा-चरस आठवतो. पण एम्सच्या तज्ज्ञांनी भारत सरकारसाठी केलेली, २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी बघा. १० ते ७५ या वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, भांग घेणारे २.२ कोटी आणि गांजा-चरस ओढणारे १.३ कोटी. म्हणजे बंदी असलेल्या नशेपेक्षा कायद्यात बसणारी नशाच जास्त! भांगेची पानं भारताच्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्याबाहेर राहिली. इथे मात्र ती बाळगणं गुन्हाच.

औषधांचंही तसंच. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी भारतातही २०१८मध्येच त्या कायद्याखाली आली. अमिरातीत ती, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या कित्येक गोळ्या नियंत्रित यादीत आहेत. आई-बाबा येणार असतील तर त्यांच्या औषधांची नावं आधीच मागवा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आधीच अधिकृत परवानगी काढा, गोळ्या मूळ वेष्टनातच राहू द्या. आणि "एवढं पुडकं तेवढं पोचवा हो" म्हणणारा कितीही जवळचा असो, आत काय आहे ते स्वतः उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत ठेवू नका, असं त्यांना बजावून सांगा.