टिकली, हिजाब आणि गणवेश

गणवेशाची कल्पना मुळात चांगली आहे, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे. वकिलाची मुलगी आणि घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी एका बाकावर बसतात, तेव्हा दोघींच्या अंगावर सारखाच कपडा असण्यात दोघींचेही हित आहे. प्रश्न उद्भवतो तो गणवेश अंगात घातल्यावर उरणाऱ्या चार गोष्टींचा : कपाळावरची टिकली, डोक्यावरचा रुमाल, मनगटावरचा गंडा, गळ्यातला ताईत.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ साली हिजाब, बुरखा, नकाब, टोपी, बिल्ले वर्गात चालणार नाहीत, असे ठरविले. नियम सर्व धर्मांना सारखाच आहे, ही त्यांची बाजू. नऊ विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून रोजी फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्याची मुभा मात्र दिली नाही. नावावरून धर्म कळत नाही काय, टिळा-टिकलीलाही मनाई करणार काय, असे न्यायमूर्तींनी त्या वेळी विचारले. आणि वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, कल्याणच्या के. सी. गांधी शाळेत टिळा, टिकली, बांगड्या व हातातले धागे यांना मनाई झाल्याची तक्रार घेऊन पालक पुढे आले! कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाने शाळेला नोटीस बजावली.

चेंबूरच्या वेळी ‘शिस्त म्हणजे शिस्त’ म्हणणाऱ्या आपल्या ओळखीतल्या किती जणांना कल्याणच्या वेळी एकदम स्वातंत्र्य आठवले, हे ज्याने त्याने आपल्याशी मोजावे. याच्या उलट दिशेने घसरलेलेही असतीलच.

राज्यघटनेचे २५ वे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. इतर चिन्हांबाबत न्यायालये बहुधा असे पाहतात, की ती गोष्ट त्या धर्माचे आवश्यक अंग आहे काय. याच कसोटीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये हिजाबबंदी उचलून धरली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. मला ही कसोटीच अडचणीची वाटते. तिच्यामुळे न्यायाधीशांना मौलवी अथवा शास्त्री व्हावे लागते. उद्या टिकली हे हिंदू धर्माचे आवश्यक अंग आहे काय, हे कोण ठरवणार? आजीला विचारावे तर एक उत्तर, शंकराचार्यांना विचारावे तर दुसरे.

त्यापेक्षा साधा प्रश्न असा, की या वस्तूने वर्गातले कोणते काम अडते? प्रयोगशाळेत पेटत्या बर्नरजवळ लोंबता धागा नको, हे कोणालाही पटेल. परीक्षेच्या दालनात ओळख पटण्यापुरता चेहरा दिसावा, हेही पटेल. पण टिकलीने वा डोक्यावरच्या रुमालाने इतिहासाच्या तासाला काय अडते, हे सांगण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यावर आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातील तीन मुलांना शाळेत परत घ्यावयास लावले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांच्या गप्प राहण्याने शाळेचे काही बिघडले नव्हते.

कल्याणशी जिचे नाव जोडलेले आहे ती आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेली, ती हिंदू म्हणूनच राहीन असे जाहीर सभेत सांगून. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात ती साडी नेसून शिकली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. थंडी सोसेना तेव्हा नऊवारीऐवजी गुजराती धाटणीची साडी तिने जवळ केली, पण तो निर्णय तिचा होता. आधी झगा घाला मग प्रवेश घ्या, असे त्या महाविद्यालयाने म्हटले असते तर?

अशा वादांत प्रत्यक्षात बुडते ती हजेरी. आपल्याच जिल्ह्यातील भिवंडीच्या एका होमिओपॅथी महाविद्यालयात हिजाबमुळे एका विद्यार्थिनीला वर्गात बसता आले नाही. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षाही हुकली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावल्यावर तिचा मार्ग मोकळा झाला. तोवर तिच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या मुली पुढच्या वर्गात गेल्या होत्या.